खडेकर सर

कोल्हापुरात मुतखड्यावर औषध ठाऊक नसलेला माणूस सापडणं कठीण. रिक्षावाला पानफुटीची पानं सांगतो, न्हावी हुलग्याचं कळण सांगतो, पानपट्टीवाला गोखरू सांगतो आणि ज्याला यातलं काहीच माहीत नसतं तो आवाज खाली आणून बियर सांगतो. प्रत्येकाच्या मेव्हण्याचा खडा कशानं ना कशानं पडलेला असतो आणि तो ‘हा एवढा’ असतो. ‘एवढा’ म्हणताना अंगठ्याचं पेर दाखवायची पद्धत आहे. दर सांगण्यागणिक पेर वाढतं. अशा या धन्वंतरींच्या गावात एकच गृहस्थ असे आहेत की ज्यांनी सगळी नोकरी मुतखड्याच्या अभ्यासात घातली आणि ज्यांच्याजवळ औषध नाही. राजारामपुरीतली त्यांची गल्ली त्यांना ‘खडेकर सर’ म्हणते. खांडेकरांच्या गावाला हे नाव सुचायला फार वेळ लागला नसणार. सरांचं खरं आडनाव आता फक्त लाइटबिलावर उरलं आहे.

सर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतात. असा एक प्राध्यापक प्रत्येक कॉलेजात असतोच. स्टाफरूममध्ये वेतन आयोगाच्या थकबाकीचा विषय निघाला की हा खिडकीबाहेर बघतो, परीक्षेच्या ड्यूटीबद्दल याची कधी तक्रार नसते, आणि कुणी चुकून ‘काय सर, रिसर्च कसा चाललाय?’ असं विचारलं की विचारणाऱ्याचा पुढचा तास बुडतो. सरांचा विषय म्हणजे सजीवांच्या अंगात तयार होणारे स्फटिक. हाडं, दात, अंड्याचं कवच, रंकाळ्यातल्या गोगलगायीचा शंख, वातरक्ताच्या रोग्याच्या अंगठ्यातल्या युरेटच्या सुया आणि या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे मुतखडा. तो सुरू कुठून होतो, एकेक रेणू कुठं येऊन बसतो आणि वाढ थांबते कशानं, एवढंच सरांना जाणून घ्यायचं आहे. ‘एवढंच’ हा शब्द सरांचा.

लोकांच्या शर्टाच्या खिशात पेन असतं. सरांच्या खिशात होमिओपॅथीच्या बाटल्या असतात आणि प्रत्येक बाटलीत एकेक खडा. चिठ्ठीवर नाव नसतं. वय, पेठ आणि तारीख असते. लग्नाच्या पंगतीत शेजारच्यानं जिलबी उचलली की सर बाटली उचलतात. ‘हा बघा, मंगळवार पेठ, वय बेचाळीस. वरचा खरखरीत थर दिसतो का? आतला गाभा वेगळा आहे.’ शेजारचा जिलबी ताटात परत ठेवतो. सरांना वाटतं, ऐकायला हात मोकळा केला.

वहिनींनी अळूवड्या केल्या तरी हेच. ‘अळू खाजतं का, ठाऊक आहे? त्याच्या पानात कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुया असतात. तोच पदार्थ, जो आपल्या बहुतेक मुतखड्यांत असतो. पण अळू त्या मोजून-मापून, ठरलेल्या पेशींत बनवतं. एकही सुई भलतीकडं नाही! वनस्पतीला जमतं ते...’

‘चिंच घातलीया. खावा गप,’ वहिनी म्हणतात. ‘ह्यांना सांगून सांगून मी दमलो.’

वहिनींच्या दमण्याचं खरं कारण देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात आहे. तिथं परीक्षानळ्यांचा स्टँड आहे. सोडियम सिलिकेटपासून केलेलं जेल, त्यात मुरवलेलं ऑक्झॅलिक आम्ल आणि वरून ओतलेलं कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण. कॅल्शियम जेलमधून सावकाश खाली झिरपतं, ऑक्झॅलेटला भेटतं आणि काही दिवसांनी नळीत पांढरे ठिपके उमटतात. या पद्धतीवर हेनिश यांचं १९७० सालचं पुस्तक आहे. ते सरांच्या घरी ज्ञानेश्वरीच्या वरच्या फळीवर असतं. पद्धत स्वस्त आहे, म्हणून अनुदान न मिळणाऱ्या प्राध्यापकांसाठी ती देवानंच खाली पाठवली, असं सरांचं मत. देव्हाराच का, तर घरात न हलणारी जागा तेवढी एकच. जेल वापरायचं ते द्रावण ढवळलं जाऊ नये, स्फटिक एका जागी शांतपणे वाढावा म्हणून. वहिनी रोज वरच्यांना फुलं वाहतात आणि खालच्यांना शिव्या. एकदा हळदी-कुंकवाला आलेल्या एका बाईंनी भक्तिभावानं खालच्यांनाही कुंकू वाहिलं. सर रागावले नाहीत. त्यांनी त्या नळीवर ‘अशुद्धी : कुंकू’ अशी चिठ्ठी लावली आणि ती वेगळी ठेवून दिली.

गणेशोत्सव मात्र सरांना जड जातो. धक्का बसला की द्रावणात नको तिथं नवे स्फटिक सुरू होतात. तेव्हा साऱ्या कोल्हापुरात डॉल्बीला कायद्यासाठी नव्हे, कानांसाठीही नव्हे, तर स्फटिकांच्या जन्मदरासाठी विरोध करणारे सर एकटेच. ते मंडळाच्या पोरांना समजावायला गेले.

‘पर सर, दवाखान्यात आवाजानंच खडा फोडत्यात न्हवं?’

‘आघातलहरीनं. हो.’

‘मग आमचा आवाज काय कमी हाय व्हय? पेशंट आणून हुबा करा डॉल्बीम्होरं. फुकटात.’

दुसरा कुणी चिडला असता. सर मांडवातल्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी वर्गणीच्या पावतीपुस्तकाच्या पाठीवर लंबवर्तुळ काढलं. त्याला दोन नाभी असतात. एका नाभीत ठिणगी पाडली की तिथून निघालेली लहर भिंतीवर आपटून दुसऱ्या नाभीत गोळा होते. १९८० साली म्युनिकला पहिल्या रुग्णाचा खडा असा फोडला, तेव्हा त्याला पाण्याच्या टबात बसवलं होतं. अंगातलं मांस जवळजवळ पाण्यासारखंच, म्हणून लहर त्यातून फारसा त्रास न देता जाते. कठीण खड्याशी पोचली की त्याचे तुकडे करते. ‘तुमचा डॉल्बी सगळीकडं पसरतो. एका जागी गोळा होत नाही.’

पोरांनी आपसात बघितलं. ‘मग पुढच्या वर्षी भिंत वाकडी लावू या, सर.’

सर त्यावर खरोखरच विचार करू लागले. विरोधाचं तिथंच विसर्जन झालं.

गल्लीत मुतखड्याच्या बाबतीत सरांपेक्षा जास्त मान आहे तो तालमीच्या वस्तादांना. सरांनी खडा वाचला आहे, वस्तादांनी भोगला आहे. वस्तादांचा दुसरा खडा पडला तेव्हा सरांनी तो तपासून आणला आणि सांगितलं, ‘वस्ताद, यात कॅल्शियम ऑक्झॅलेट डायहायड्रेट बरंच आहे. खनिजशास्त्रात त्याला वेडेलाइट म्हणतात. अंटार्क्टिकाजवळ वेडेल समुद्र आहे, त्याच्या तळाच्या गाळात ते सापडलं.’ वस्तादांनी यातलं हवं तेवढं घेतलं. संध्याकाळपर्यंत साऱ्या पेठेत बातमी होती, की वस्तादांचा खडा साधा नाही, अंटार्क्टिकाचा आहे. एकदोघं बघायला आले. सरांकडं मात्र कुणी आलं नाही.

त्याच वस्तादांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून दूध सोडलं. खड्यात कॅल्शियम असतं आणि दुधातही कॅल्शियम असतं, तेव्हा दूध बंद. गणित सरळ होतं. पैलवानानं दूध सोडणं म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर लोक हळहळले. सर स्वतः तिथं गेले. म्हशी दारात उभ्या, धारा निघतायत, लोक पेले घेऊन थांबलेत आणि मध्ये सर उभे राहून सांगतायत, की जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला धरतं आणि बाहेर घेऊन जातं. दूध सोडलं तर ऑक्झॅलेट मोकळं राहतं, रक्तात शिरतं आणि शेवटी मूत्रपिंडात येऊन बसतं.

‘म्हंजे दुधानं खडा हुतो म्हणून सोडलं,’ वस्ताद म्हणाले, ‘आणि आता सोडल्यानं हुतो म्हणतासा?’

‘जेवणाबरोबर घ्या. बेतानं घ्या. आणि पाणी भरपूर प्या. मीठ आणि मटण मात्र जरा...’

मटणाचा शब्द निघाला तसे कट्ट्यावरचे सगळे एकदम वळून बघू लागले. तांबड्या-पांढऱ्याच्या गावात विज्ञानानं कुठं थांबावं याची एक हद्द आहे, आणि ती सरांना त्या दिवशी कळली.

सरांचा खरा प्रश्न या सगळ्याच्या पलीकडचा आहे. आपली दोन मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लीटर पाणी गाळतात आणि त्यातलं जेमतेम दीड-दोन लीटर बाहेर टाकतात. बाकीचं परत घेतात. एवढं आटवल्यावर मागं राहिलेल्या द्रवात कॅल्शियम ऑक्झॅलेट मावेल त्याहून जास्त असतं. आजाऱ्याच्याच नव्हे, बहुतेक धडधाकट माणसांच्याही लघवीत. ‘म्हणजे नियमाप्रमाणं तुम्हाला, मला, या पानपट्टीवाल्याला, सगळ्यांना खडा व्हायला पाहिजे,’ सर म्हणतात. ‘मग होत का नाही?’ पानपट्टीवाला घाबरून पोटाला हात लावतो.

ही गोष्ट सरांना कुणी पुस्तकाआधी शिकवली असेल तर ती गुऱ्हाळावरच्या गुळव्यानं. हंगाम आला की सर करवीर तालुक्यातल्या एका ओळखीच्या गुऱ्हाळावर जातात. बाकीचे काकवीसाठी येतात, सर पाक बघायला. गुळव्या काहिलीतला थेंब पाण्यात टाकून बोटांत गोळी धरून बघतो आणि उतरवा म्हणतो. पाक वाफ्यात पडतो, फावडं फिरतं, आणि मघापर्यंत वाहणारा तांबूस रस बघता बघता रवाळ होतो. त्या एका क्षणासाठी सर तासभर धुरात उभे असतात. ‘मावेल त्याहून जास्त साखर त्यात आधीपासून होतीच,’ ते गुळव्याला सांगतात. ‘पण पहिला कण जमेपर्यंत ती पाकातच राहते. तुम्ही ढवळता, म्हणून कण जमतो. मूत्रपिंडात असंच.’ गुळव्या कपाळाचा घाम पुसतो आणि म्हणतो, ‘सर, गुळाचा रवा आत्ता बांधायचाय. ते दुसरं मागनं सांगा.’ सरांच्या मते त्यांच्या विषयातला हा एकमेव जाणता माणूस. गुळव्याचं सरांबद्दलचं मत त्यानं अजून कुणाला सांगितलेलं नाही.

पहिला कण जमणं अवघड असतं, कारण काही मोजके रेणू एकत्र आले तरी ते पुन्हा विरघळून जायच्याच तयारीत असतात. पुरेसे जमले तरच टिकतात. आणि टिकले तरी लघवीच्या वाहत्या धारेत ते काही मिनिटांत बाहेर पडायचे. त्यांना धरून ठेवायला जागा लागते. अलेक्झांडर रँडॉल या डॉक्टरांनी १९३०च्या दशकात मूत्रपिंडाच्या टोकांवर कॅल्शियमचे बारीक पांढरे चट्टे शोधले. पुष्कळ खडे या चट्ट्यांना चिकटून वाढतात. सुश्रुतानं अश्मरीचे, म्हणजे मुतखड्याचे, चार प्रकार सांगितले आणि ती कापून काढायची रीतही सांगितली. तिथपासून आमच्या न्हाव्यापर्यंत सगळे तिला बाहेर काढायच्या मागे. ती बसते त्या जागेशी सगळा दिवस घालवणारे फार थोडे, आणि त्यांच्यातले एक राजारामपुरीत राहतात.

बसल्यावर ती वाढते कशी, हे सरांचं सगळ्यांत आवडतं प्रकरण. स्फटिकाच्या सपाट पृष्ठावर रेणू कुठंही चिकटत नाहीत. त्यांना पायरीचा कोपरा लागतो, म्हणजे दोन-तीन बाजूंनी धरायला मिळतं. पायरीची उंची मीटरच्या अब्जाव्या भागाहूनही कमी. पण एक थर पुरा झाला की पायरी संपली. मग पुढचा थर सुरू व्हायचा कसा? १९४९ साली फ्रँक यांनी याचं उत्तर दिलं. स्फटिकाच्या रचनेत मळसूत्री चूक राहून गेली असेल, तर तिथली पायरी कधी संपतच नाही. ती गोल गोल फिरत वर चढत जाते. ‘बिनचूक स्फटिक अडून बसतो,’ सर स्टाफरूममध्ये सांगत होते. ‘चूक आहे म्हणून तो वाढतो.’

‘म्हणजे आपल्या संस्थेसारखं,’ इतिहासाचे प्राध्यापक म्हणाले. त्या स्टाफरूममध्ये सरांचं संशोधन समजलं ते तेवढंच.

या फिरत्या पायऱ्या १९८६ साली निघालेल्या अणुबल सूक्ष्मदर्शकात दिसतात. त्यात भिंग नसतं. एक अतिसूक्ष्म टोक पृष्ठावरून आंधळ्यासारखं चाचपडत फिरतं आणि चढउतार नोंदवतं. स्फटिक द्रावणात वाढत असतानाच ते बघता येतं. त्या सूक्ष्मदर्शकावर आपल्या नमुन्याची पाळी आली की सर आदल्या दिवशी केस कापून येतात. तिथं मिळालेलं मळसूत्राचं एक चित्र ते पाकिटात ठेवतात, वहिनींच्या फोटोच्या पुढं. दाखवल्यावर एकजण म्हणाला, ‘पन्हाळा काय वरनं काढलाय?’ सरांना हा आजवर मिळालेला सर्वांत चांगला अभिप्राय वाटतो.

आणि मग २०१६ साल आलं. अमेरिकेतल्या ह्यूस्टन विद्यापीठात जेफ्री राइमर यांच्या गटानं ‘नेचर’मध्ये निबंध लिहिला. लघवीतलं सायट्रेट कॅल्शियम ऑक्झॅलेटची वाढ रोखतं हे माहीत होतं. ते पायरीवर जाऊन बसतं आणि पुढच्या रेणूला जागा देत नाही. पण त्याचाच भाऊबंद हायड्रॉक्सिसायट्रेट काही परिस्थितीत वाढ नुसती थांबवत नाही, तर वाढायला हव्या त्याच द्रावणात स्फटिक विरघळवतो, असं त्यांना दिसलं. हे आम्ल गार्सिनिया कुळातल्या फळांत असतं, आणि कोकम त्याच कुळातलं. सर तो निबंध छापून घेऊन गल्लीभर फिरले. सुश्रुतानंतर एवढा आनंद या विषयात कुणाला झाला नसेल.

आठवडा उलटायच्या आत कोपऱ्यावरच्या सरबतवाल्यानं पाटी लावली : ‘मुतखड्यावर अमेरिकन संशोधनाचे कोकम सरबत. मोठा ग्लास.’

सर धावत गेले. प्रयोग मुख्यतः काचेच्या भांड्यातल्या द्रावणात झालेत, माणसांच्या बाबतीत थोड्याजणांना ते आम्ल देऊन ते लघवीत उतरतं का एवढंच बघितलंय, फळातलं प्रमाण वेगळं, सरबतात साखर किती, वगैरे.

‘सर,’ सरबतवाला म्हणाला, ‘इतक्या वर्सांनी तुमच्या हातनं एक औषध घावलं. त्यालाबी तुम्हीच नडालासा?’

सरांनी खिशातला खडू काढला आणि पाटीच्या खाली तळटीप लिहिली. वळवाच्या पहिल्या पावसात तळटीप वाहून गेली. पाटी ऑइलपेंटची होती, ती अजून आहे.

सरांच्या मनात एक दुःख मात्र आहे आणि ते फक्त वहिनींना ठाऊक आहे. सरांना स्वतःला कधीच खडा झालेला नाही. उभी हयात पाणी पीत, मीठ मोजत आणि दूध जेवणाबरोबर घेत गेली, त्यामुळं व्हायची शक्यताही कमीच. दरवर्षी सोनोग्राफी करून ते मोठ्या आशेनं रिपोर्ट उघडतात आणि ‘नॉर्मल’ वाचून गप्प होतात. नमुन्यासाठी त्यांना कायम लोकांच्या दारात जावं लागतं. वस्तादांचा तिसरा खडा पडला तेव्हा सर बाटली घेऊन पोचले, तर वस्तादांनी तो रुमालात बांधून आतल्या खोलीत नेला. ‘ह्यो न्हाई द्यायचा. ह्यो माझा हाय.’

असा माणूस गावाला कशाला लागतो, असं विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांना एवढंच सांगायचं, की औषधं सांगणारे गावात कमी नाहीत. खडा होतो कसा हे निवांत बसून बघणारा माणूस मात्र गावाला एक तरी लागतो. कोकमातल्या आम्लाचं काम आज ठाऊक झालंय ते असेच कुणीतरी पायरीवर डोळा लावून बसले म्हणून.

तेव्हा वाचकांना विनंती : पाणी भरपूर प्या, लघवीचा रंग फिका राहील इतकं. कुणाच्या सांगण्यावरून परस्पर दूध सोडू नका. बियरचा सल्ला देणाऱ्याला नमस्कार करून पुढं व्हा. आणि खडा पडलाच तर तो खिडकीतून भिरकावू नका, रुमालातही बांधून ठेवू नका. डॉक्टरांकडे न्या, त्याची तपासणी करून घ्या. तो कशाचा आहे हे कळलं तरच पुढचा टळतो. तपासून झाल्यावर तुकडा उरलाच, तर राजारामपुरीत खडेकर सरांचं घर कुणीही दाखवेल. बाटली ते स्वतः आणतील.